एआय अर्ध्या तासात रिपोर्ट देतो, मग माझे दोन दिवस कशात जातात?

पत्र थोडक्यात: डोंबिवलीहून लोकल आणि घाटकोपरहून मेट्रो पकडून अंधेरीला ऑफिसला जाणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ४३. एसी, फ्रिज, पंखे, मिक्सर असा माल डीलरांना पुरवणाऱ्या कंपनीत त्या पंधरा वर्षं एमआयएस, म्हणजे वरिष्ठांना लागणारे आकडे आणि रिपोर्ट, बघतायत. दर महिन्याला सगळ्या डेपोंचा सेल्स डेटा गोळा करायचा, साफ करायचा, पिव्होट (एक्सेलमधला सारांशाचा तक्ता) लावायचा आणि सरांना रिपोर्ट द्यायचा, याला त्यांना दोन दिवस लागतात. यंदा कंपनीने एक्सेलमधलं एआय असिस्टंट सुरू केलं. नवीन आलेल्या एका मुलाने वर्षअखेरचा रिपोर्ट त्यावर अर्ध्या तासात काढला, चार्टसकट, आणि खाली कारणंही लिहून आली की २०२४-२५ ला मुंबई झोनची विक्री छान वाढली होती, २०२५-२६ ला ती पडली, कारण ग्राहकांची मागणी कमी झाली आणि फील्ड टीमचा फॉलोअप कमी पडला. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुम्ही दोन दिवस काय करता?" ताईंना रिपोर्टमध्ये काहीतरी खटकत होतं पण नेमकं काय ते तेव्हा सांगता येईना, त्या गप्प बसल्या. नंतर एका रात्री त्यांनी घरी मोबाइलवरच्या फुकट एआय अ‍ॅपमध्ये डीलरवाइज शीट टाकून पुढचा मंथली रिपोर्ट करून घेतला, सरांना तो आवडला, शाबासकी मिळाली, आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्या विचारतात, ही लबाडी झाली का, खटकलेलं आता बोलू का, आणि पुढे माझं काम राहणार आहे का?

ताई, नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण मी सुरुवात त्या खटकण्यापासून करते, कारण तुम्ही पत्रात त्याला एक ओळ दिलीत आणि माझ्या मते सगळ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. पंधरा वर्षं एकच डेटा बघणाऱ्या माणसाला आकडा खटकतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी असतंच, फक्त ते लगेच शब्दांत येत नाही.

तर कॅलेंडर काढा आणि गुढीपाडवा कधी कधी आला ते बघा. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला आणि २०२६ चा १९ मार्चला. आता हे आर्थिक वर्षात बसवा. २०२३-२४ मध्ये पाडवा आलाच नाही, एक त्याच्या आधीच्या वर्षात गेला आणि एक पुढच्या. २०२४-२५ मध्ये दोन पाडवे आले, एक वर्ष सुरू होताना आणि एक वर्ष संपताना. २०२५-२६ मध्ये एकच. आता आपल्याकडे पाडव्याला फ्रिज, एसी, टीव्ही घ्यायचा हे किती घरांत ठरलेलं असतं ते तुम्हाला मी काय सांगणार, त्या आठवड्यात तुमच्या डेपोंची काय धावपळ होते ते तुम्ही दर वर्षी बघता. म्हणजे एका वर्षी शून्य पाडवे, पुढच्या वर्षी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी एक, आणि या तीन वर्षांची एकमेकांशी सरळ तुलना करून कोणी म्हणत असेल की मधलं वर्ष छान गेलं आणि नंतर टीम ढिली पडली, तर खटकायलाच हवं.

आणि एवढंच नाही. २०२५ ला मुंबईत मान्सून २६ मेला दाखल झाला, एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो, आणि त्याच्याही आधीपासून मे महिन्यात पाऊस पडतच होता. एसीचा सीझन तिथेच कापला गेला. मग १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, सप्टेंबरच्या सुरुवातीला दर जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. गणपती त्या वर्षी २७ ऑगस्टला आले, म्हणजे बरोबर त्या थांबलेल्या दिवसांत, ज्याला एसी घ्यायचा होता तो म्हणणारच की महिनाभर थांबू. आणखी एक गोष्ट, ही तर नक्की तपासा: त्या मुलाने जी शीट दिली त्यात विक्रीचा कॉलम जीएसटीसकट होता की जीएसटीशिवाय? जीएसटीसकट असेल तर शंभर रुपयांच्या मालाचं बिल आधी १२८ व्हायचं ते ११८ झालं, म्हणजे तेवढेच एसी विकूनही रुपयांतली विक्री जवळपास ८ टक्क्यांनी खाली दिसणार. फ्रिज, मिक्सर, पंख्यांवर आधीपासूनच १८ टक्के होता म्हणून तिथे हा फरक दिसणार नाही, फक्त एसीत दिसेल, त्यामुळे कॅटेगरीवाइज बघितलं की लगेच कळेल.

तुमचा डेटा माझ्यासमोर नाही, त्यामुळे यातलं कशाचं किती ते तुम्हालाच काढावं लागेल, आणि हे सगळं वजा करूनही विक्री खरंच पडलेली असू शकते. पण आत्ता त्या रिपोर्टच्या भरवशावर भांडुप-मुलुंडच्या उन्हातान्हात बाइकवर फिरणाऱ्या कोणा मुलाचं इन्क्रिमेंट अडकणार असेल तर तुमचं गप्प राहणं फक्त तुमच्यापुरतं राहत नाही, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचंय.

आता असिस्टंटची बाजूही नीट समजून घेऊ, कारण त्याला पाडवा माहीत नाही असं नाहीये. "पाडव्याच्या तारखा काय होत्या" विचारलं असतं तर त्याने बहुतेक बरोबर सांगितल्या असत्या. पण त्याला दिली होती एक शीट आणि विचारलं होतं विक्री का पडली, त्या शीटमध्ये पाडवा नावाचा कॉलम नव्हता. फील्ड टीमच्या फॉलोअपचाही नव्हता ना? व्हिजिट रिपोर्ट त्यात होते का? नसतील तर ते वाक्य आलं कुठून? ते आलं कारण विक्री पडल्याच्या रिपोर्टमध्ये जगभर असलीच वाक्यं असतात, आणि या असिस्टंटमागची भाषेची मॉडेल्स अशी लिहिलेली असंख्य पानं वाचून पुढचा शब्द काय येईल ते ठरवायला शिकलेली आहेत. वाक्य गुळगुळीत येतं, कुठे "मला वाटतं" नाही, कुठे अडखळणं नाही, आणि मीटिंगमध्ये आपल्याला वाटतं की एवढ्या ठामपणे लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार. तुम्हीही त्यामुळेच गप्प बसलात असं मला पत्र वाचताना वाटलं. त्याच्याकडे पूर्ण वाक्य होतं आणि तुमच्याकडे नुसती शंका होती.

आता तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गृहीतकांबद्दल बोलते, रागावू नका.

पहिलं. तुम्ही लिहिलंय "मी हाताने करते म्हणून माझं चुकत नाही". ताई, हाताने केलेल्या शीट्सनीही जगात मोठे घोळ घातलेत. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा पेपर आला होता, देशावरचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ एकदम खाली येते असं सांगणारा, आणि कित्येक देशांच्या खर्चकपातीच्या वादात त्याचा दाखला दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ शीट मागून घेतली तर सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज पाच ओळी आधीच थांबलेली, पाच देश हिशोबातच नव्हते. पेपरवर इतरही आक्षेप होते, पण ही चूक कुठल्या एआयची नव्हती, माऊसने रेंज सिलेक्ट करताना होते ती होती, तुम्हाला मला रोज होऊ शकते अशी. त्यामुळे हाताने केलेलं ते खरं आणि मशीनचं ते खोटं असा वाद सरांसमोर मांडू नका, तो टिकणार नाही.

दुसरं, हे दोन दिवसांचं. सरांचा प्रश्न लागला तुम्हाला, लागणारच, सगळ्यांसमोर असं विचारणं बरं नाही. पण प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्याकडे असायला हवं आणि ते कागदावर हवं. मागच्या महिन्याचे ते दोन दिवस आठवा आणि काय काय केलंत ते लिहून काढा. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की भिवंडीच्या गोडाऊनला फोन करून शेवटच्या दोन दिवसांच्या एंट्री मागवाव्या लागतात, वसईवाला रिटर्न आलेला माल विक्रीतून वजा न करता वेगळ्या शीटवर पाठवतो, आणि एकच डीलर तीन स्पेलिंगनी येतो, एकदा श्री गणेश इलेक्ट्रॉनिक्स, एकदा श्रीगणेश, एकदा नुसतंच गणेश ठाणे. मला खात्री आहे की दोन दिवसांतला जवळजवळ सगळा वेळ यात जातो, बेरजा-पिव्होट तर तुमचेही अर्ध्या तासातच होत असतील. म्हणजे त्या मुलाने अर्ध्या तासात जे केलं ते तुमच्या दोन दिवसांचं काम नव्हतंच, तुम्ही साफ करून ठेवलेल्या मास्टर शीटवर त्याने शेवटचा अर्धा तास केला. हे त्याला खाली दाखवण्यासाठी सांगत नाहीये, सरांना खरंच माहीत नसेल म्हणून सांगतेय, आणि त्यांना ते माहीत नाही याला थोडं कारण आपणही असतो कारण आपण हे काम कधी कोणाला दिसूच देत नाही, गुपचूप निस्तरून टाकतो.

तिसरं, लबाडी. असिस्टंट वापरणं ही लबाडी नाही, कॅल्क्युलेटर वापरण्याची कोणी माफी मागत नाही. तुम्हाला झोप लागत नाहीये ती दुसऱ्या कारणाने असं मला वाटतं, एक म्हणजे तो रिपोर्ट तुम्ही न तपासता दिलात, आणि दुसरं म्हणजे कंपनीचा डेटा तुमच्या खाजगी अकाउंटवर गेला. या दोन्ही गोष्टी निस्तरता येतात.

डेटाचं आधी. त्या शीटमध्ये डीलरांची नावं, मोबाइल नंबर, कदाचित पॅन, आणि कोणाला किती डिस्काउंट दिला हे सगळं असणार. फुकट अ‍ॅपमध्ये टाकलेलं पुढे मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं, बहुतेक अ‍ॅपांत ते बंद करायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो पण तो आपण जाऊन बंद करावा लागतो. आज घरी गेलात की ते चॅट आणि अपलोड केलेली फाइल डिलीट करा, तो पर्याय बंद करा, आणि मग सरांना किंवा आयटीला स्वतःहून सांगा की असं झालंय. मला माहितीये हे सगळ्यात जड आहे. पण आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, त्यामुळे उद्या कंपन्या याबाबत कडक होणारच, आणि केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने तर जानेवारी २०२५ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी टूल्स वापरू नका असं कळवलं होतं. आज तुम्ही सांगितलंत तर ते एक सावध कर्मचारी सांगतेय असं होईल, सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी सांगितलं तर तसं होणार नाही. आणि यापुढे, वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, ऑफिसचा डेटा फक्त ऑफिसने दिलेल्या अकाउंटवर. तिथेही नावं-नंबर लागत नसतील तर काढून टाका, डीलरला डी-१०१, डी-१०२ असे कोड द्या, विश्लेषणाला तेवढं पुरतं.

आता न तपासता दिलेल्या रिपोर्टबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण अशी पत्रं हल्ली बरीच येतायत, बँकेतून, शाळेच्या ऑफिसातून, सीएच्या फर्ममधून, आणि सगळ्यांचं दुखणं एकच आहे, की याचा भरवसा किती धरायचा.

माझा नियम असा आहे: असिस्टंटकडून आकडा घ्यायचा नाही, फॉर्म्युला घ्यायचा. म्हणजे "मुंबई झोनची मार्चची विक्री किती" असं विचारून आलेला आकडा रिपोर्टला चिकटवायचा नाही, "मुंबई झोनची मार्चची विक्री काढायला सम-इफ्सचा फॉर्म्युला लिहून दे, परतीचा माल वजा करून" असं सांगायचं (सम-इफ्स म्हणजे दिलेल्या अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज), तो फॉर्म्युला आपल्या शीटमध्ये लावायचा आणि हिशोब एक्सेलला करू द्यायचा. फरक काय? फॉर्म्युला डोळ्यांनी वाचता येतो, कुठला कॉलम घेतलाय ते दिसतं, उद्या परत लावला तरी तेच उत्तर येतं आणि सरांनी विचारलं तर सेलवर क्लिक करून दाखवता येतं. नुसता आकडा आला तर तो कुठून आला हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि ते असिस्टंटही खात्रीने सांगू शकत नाही. काही असिस्टंट मागे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोड लिहून तो खरंच चालवतात, तिथे बेरीज चुकत नाही, पण कुठल्या कॉलमची बेरीज केली हे तिथेही बघावंच लागतं, कोड दाखव म्हटलं की दाखवतात. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एक्सेलच्या सेलमध्ये वापरायचं कोपायलट (त्यांचं एआय असिस्टंट) फंक्शन आणलं तेव्हा त्यांच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की आकडेमोडीला आणि जिथे अचूक उत्तर हवं तिथे हे वापरू नका, एक्सेलचे नेहमीचे फॉर्म्युले वापरा. ज्यांनी बनवलं तेच सांगतायत.

मग ते कशाला वापरायचं? भरपूर गोष्टींना. डीलरांच्या तीन स्पेलिंगचं तुमचं जे दुखणं आहे ना, त्याला हे फार उपयोगी आहे, नावांचा कॉलम द्या आणि सांगा की एकाच दुकानाची वाटणारी नावं गटात लाव, मग ते गट तुम्ही बघून ओके करा, कारण ठाण्याचं गणेश आणि कळव्याचं गणेश वेगळं आहे हे तुम्हालाच माहीत. डीलरांचे शेरे, तक्रारी, शेकडो ओळींचा मजकूर असेल तर तो वाचून विषयवार लावायला उपयोगी. अडकलेला फॉर्म्युला का चुकतोय ते विचारायला उपयोगी. "या शीटमध्ये काय विचित्र दिसतंय" असं विचारून बघा, कधी कधी असं काही पकडतं की आपल्या नजरेतून सुटलेलं असतं. आणि कारणं हवी असतील तर "का पडली" असं विचारूच नका, "पडण्याची दहा शक्य कारणं सांग आणि प्रत्येक कारण खरं की खोटं हे ठरवायला मला कुठला डेटा लागेल ते सांग" असं विचारा. त्यातली सात निरुपयोगी असतील, दोन तुम्हाला माहीत असतील, एखादं नवीन निघेल, आणि खरंखोटं ठरवण्याचं काम तुमच्याकडे राहील.

तपासायचं कसं, तर हे तुम्ही अकाउंट्सवाल्यांकडून बघितलेलंच आहे. काम सुरू करण्याआधी शीटमधल्या एकूण ओळी किती आणि विक्रीच्या कॉलमची एकूण बेरीज किती ते कागदावर लिहून ठेवायचं, असिस्टंटने साफसफाई केल्यावर परत बघायचं, आणि फरक आला तर रुपयान् रुपयाचं कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. ओळी गपचूप गळतात, ताई. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण आकडेवारीतून गळाले होते कारण डेटा जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरला जात होता आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत, जादा ओळी गेल्या कुठे ते कोणाला कळलंच नाही. आपल्याकडे गळती वेगळ्या वाटेने होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलेल्या शीटमध्ये कधी कधी आकडे टेक्स्ट म्हणून येतात, दिसायला आकडा पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला, आणि त्या सेलची बेरीजच होत नाही, एररही येत नाही. ३/४ ही तारीख आपल्याला तीन एप्रिल आणि अमेरिकन सेटिंगच्या मशीनला चार मार्च, म्हणजे एक ओळ या वर्षातून उचलून त्या वर्षात पडली. क्यू-वन, म्हणजे पहिली तिमाही, म्हटलं की असिस्टंट जानेवारी ते मार्च धरू शकतं, आपलं एप्रिल ते जून असतं. लाखांचे मिलियन करताना एखादं शून्य इकडचं तिकडे होतं. लांब अकाउंट नंबर असेल तर एक्सेल पंधरा अंकांच्या पुढचे अंक शून्य करून टाकतं, ते मूळ फाइलशिवाय परत येत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच त्याला सांगून टाकायचं, तारीख दिवस-महिना-वर्ष आहे, वर्ष एप्रिलला सुरू होतं, आकडे रुपयांत आहेत, रिटर्न वजा करायचे आहेत, आणि काही वगळलंस किंवा गृहीत धरलंस तर आधी लिही. मग शेवटी कुठल्याही चार-पाच ओळी उचलून थेट बिलाशी ताडून बघायच्या. याला अर्धा-पाऊण तास लागतो. लागू द्या. वाचलेल्या वेळातला पाऊण तास गेला.

मार्केट रिसर्चचं तुम्ही एका वाक्यात विचारलंत, सर म्हणतात इंडस्ट्रीचे आकडेही त्यालाच विचारा. विचारा, पण दिलेली प्रत्येक लिंक उघडून त्या पानावर तो आकडा आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपोर्टमध्ये घालू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते, पाच हजार डॉलरचा दंड झाला. आकडा हवा असेल तर लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल आहेत, रिझर्व्ह बँकेची आणि सांख्यिकी मंत्रालयाची आकडेवारी आहे, महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी येते. मोठी पीडीएफ असिस्टंटला द्या आणि म्हणा यात हे कुठल्या पानावर आहे ते सांग, मग ते पान स्वतः वाचा. तिथे ते खरंच वेळ वाचवतं.

आता बोलायचं कसं. तुमच्यापुढे रस्ते तीन आहेत असं मला दिसतं. गप्प राहून शिकून घ्यायचं, म्हणजे वाद नाही, पण तो चुकीचा निष्कर्ष तसाच राहतो आणि त्याची किंमत फील्डची मुलं मोजतात, मला हा पटत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चूक दाखवायची, त्याने मनाला बरं वाटेल, पण सरांनी तो रिपोर्ट वर पाठवलेला असणार, त्यांना सगळ्यांसमोर माघार घ्यायला लावलीत तर ते तुमचा मुद्दा ऐकण्याऐवजी स्वतःचा बचाव करत बसतील, आणि त्या मुलाचा पाणउतारा होईल जो त्याने काही कमावलेला नाही. तिसरा रस्ता लांबचा आहे पण मी तोच सांगेन. आधी त्या मुलाला गाठा, चहाला बाहेर न्या, पाडव्याची गोष्ट त्याला सांगा आणि म्हणा की चल आपण दोघं बसून परत काढू. त्याला टूल येतं, तुम्हाला डेपो माहितीयेत. पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस वेगळे काढा, एसी वेगळा काढा, रुपयांऐवजी नगांत बघा, जीएसटीशिवाय बघा. एक पान करा. मग दोघं मिळून सरांकडे केबिनमध्ये जा आणि "सर, रिपोर्ट चुकला" असं न म्हणता "सर, वर अजून कोणी विचारायच्या आत आपण हे जोडून पाठवू या का" असं म्हणा. त्याच वेळी तुमचं ते दोन दिवसांचं पानही त्यांच्यासमोर ठेवा आणि मोबाइल अ‍ॅपचंही सांगून टाका, एकदाच. सर ऐकतीलच याची हमी मी देऊ शकत नाही. नाही ऐकलं तर तेच पान त्यांना मेल करून ठेवा, भांडणाची भाषा न वापरता, म्हणजे मुद्दा मांडल्याची नोंद राहील.

काम राहील का, याचं खरं उत्तर द्यायचं तर नुसत्या कॉपी-पेस्ट आणि पिव्होटचं काम कमी होणार आहे, काही ठिकाणी झालंय, आणि ते खोटं सांगून तुम्हाला धीर देणं मला जमणार नाही. पण रिपोर्टखाली नाव घालून "हा आकडा बरोबर आहे, मी बघितलाय" म्हणणारं माणूस लागणारच, आणि वसईचा रिटर्न कुठे लपलेला असतो हे माहीत असलेलं माणूस तर नक्कीच. फक्त ते डोक्यात ठेवू नका, लिहून काढा, कुठल्या डेपोची काय खोड आहे, कुठला सण कुठल्या वर्षात कधी आला, स्कीम कधी सुरू झाली, भाव कधी बदलला. एक साधी शीट करा, तारीख आणि काय घडलं, बस. तीच शीट पुढच्या वेळी असिस्टंटला डेटासोबत दिली तर त्याची उत्तरंही सुधारतील. काहींना भीती वाटते की लिहून दिलं तर आपली गरज संपेल. माझा अनुभव उलटा आहे, जो लिहून ठेवतो त्याच्याकडेच लोक विचारायला येतात.

आणि तो तीस हजारांचा वीकेंड कोर्स, ज्याची जाहिरात तुम्ही पत्रासोबत पाठवलीत, तो आत्ता करू नका. टूलची बटणं दर काही महिन्यांनी बदलतात, तिथे शिकवलेलं लवकर जुनं होईल. त्याऐवजी पॉवर क्वेरी शिका, एक्सेल २०१६ पासून ते आतच आहे, डेटा टॅबमध्ये, वेगळे पैसे नाहीत, सगळ्या डेपोंच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या की ते एकत्र करून देतं आणि केलेली प्रत्येक पायरी नोंदवून ठेवतं, पुढच्या महिन्यात फक्त रिफ्रेश. अडलं तिथे ऑफिसच्या असिस्टंटलाच मराठीत विचारा, ते समजावून सांगतं आणि कितीदाही विचारलं तरी वैतागत नाही. भिवंडीच्या फाइलपासून सुरुवात करा, तुम्हीच लिहिलंय सगळ्यात जास्त वेळ तीच खाते.